रिकाम्या बेरजेचं उत्तर शून्य येतं, मग रिकामी वजाबाकी का अडते?

तुम्ही लिहिलंय की नांदेडला नोकरी सांभाळून रात्री क्लोजर ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताय. कंसात नुसतं अधिकचं चिन्ह टाकून एंटर मारलं तर ० आलं, गुणाकाराचं टाकलं तर १ आलं, आणि वजाबाकी-भागाकार मात्र चूक दाखवून थांबले. भाषा बनवणाऱ्यांनी हे मनाला येईल तसं ठरवलं का, असा तुमचा प्रश्न. शेवटच्या ओळीत जाता जाता असंही लिहिलंय की ऑफिसातला पायथनचा पावसाचा अहवाल एका महसूल मंडळापाशी अडतो, कारण त्या मंडळाची त्या महिन्यात एकही नोंद नाही आणि मॅक्स, म्हणजे यादीतला सगळ्यात मोठा आकडा काढणारं फंक्शन, चूक देतो. त्यावर सिनिअर म्हणतात, "शून्य टाक अन् मोकळा हो."

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि तुमच्या पहिल्या कोड्याचं उत्तर कळलं की तो सुटायला सोपा जातो. मी लातूरला आडत दुकानांच्या हिशोबाचे आणि पाऊस-पेऱ्याच्या नोंदींचे प्रोग्राम लिहितो, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

आधी बेरीज. आपल्याला सवय ५ + ३ असं लिहायची. चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये बसतं, त्यामुळे आकडेच नसलेली बेरीज लिहिताच येत नाही. लिस्पच्या घराण्यात, म्हणजे कॉमन लिस्प, स्कीम, क्लोजर यांत, अधिक हे इतर कुठल्याही फंक्शनसारखं फंक्शन आहे आणि ते आधी येतं. (+ १ २ ३) म्हणजे ६, (+ ५) म्हणजे ५. मग (+) म्हणजे किती, हा प्रश्न टाळता येत नाही.

उत्तर ० का, हे मोंढ्यात बसून बघा. दिवसभराच्या पट्ट्या मुनीमजींनी दोन गठ्ठ्यांत वाटल्या, एक गठ्ठा एकाने बेरजेला घेतला, दुसरा दुसऱ्याने, आणि शेवटी दोन्ही बेरजा एकत्र केल्या. वाटणी कशीही केली तरी एकूण तेवढंच यायला पाहिजे. आता एकाकडे सगळ्या पट्ट्या गेल्या आणि दुसऱ्याच्या हातात एकही आली नाही असं धरा. दुसऱ्याने काय आकडा सांगावा, म्हणजे एकूण बिघडणार नाही? शून्याशिवाय दुसरा आकडा चालतच नाही. बेरीज कशीही तोडा-जोडा, उत्तर तेच, हा नियम पाळायचा म्हटला की रिकाम्या गठ्ठ्याची किंमत आपोआप ठरते. भाषा बनवणाऱ्याच्या हातात एवढंच उरतं की ती किंमत द्यायची, का चूक दाखवायची.

गुणाकाराला हाच न्याय लावला की १ येतो. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात बेरजेच्या ० ला आणि गुणाकाराच्या १ ला अविकारक म्हटलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या आकड्याला न बदलणारा आकडा, आणि तो धडा आपण सगळ्यांनी पाठ करून सोडून दिलेला असतो. इथे तो कामाला येतो. सोयाबीनचं उदाहरण घ्या. १० क्विंटल माल, ४५०० भाव, म्हणजे ४५,००० रुपये. ओलाव्याची कपात २ टक्के, काडीकचऱ्याची १ टक्का. काही दुकानं कपात वजनातून धरतात, काही रकमेतून, ते ज्याच्या त्याच्या रिवाजावर आहे. प्रोग्राममध्ये मात्र ती गुणकांची यादी म्हणून ठेवणं सोयीचं पडतं: ०.९८ आणि ०.९९. गुणाकार ०.९७०२, आणि शेतकऱ्याच्या हातात ४३,६५९. आता माल एकदम कोरडा, स्वच्छ आला. कपातीची यादी रिकामी. रिकाम्या गुणाकाराचं उत्तर १ आलं तर पूर्ण ४५,००० मिळतात. ० आलं तर सगळ्यात चांगला माल आणणाऱ्याची पट्टी शून्य रुपयांची निघते.

हे पुस्तकी भांडण नाही. पीएचपी या भाषेत रिकाम्या यादीचा गुणाकार करणारं फंक्शन पूर्वी ० द्यायचं; २०११ साली आलेल्या ५.३.६ पासून ते १ देतं. आणि एक्सेल आजही रिकाम्या चौकटींच्या प्रॉडक्टचं उत्तर ० देतं. कपातीचा रकाना पूर्ण मोकळा सोडलेली अशी एक शीट माझ्याकडे आली होती. दुकानदार म्हणत होता, "सूत्र बरोबर हाय, पण चांगल्या मालालाच शून्य दाखवायलंय." सूत्र खरोखर बरोबर होतं. रकान्यात एक कायमचा १ टाकून ठेवला आणि काम भागलं.

आता वजाबाकी. तोडजोडीचा नियम तिथे पहिल्याच पायरीला मोडतो. १० मधून ४ आणि मग ३ वजा केले तर ३ उरतात. ४ मधून ३ आधी वजा करून ते १० मधून काढले तर ९. गठ्ठे कसे पाडले यावर उत्तर बदलतं. शिवाय अविकारक शोधायला गेलात तर उजवीकडचं ० चालतं, कारण ५ – ० म्हणजे ५. डावीकडे तेच ० ठेवलं की ० – ५ म्हणजे उणे ५. दोन्ही बाजूंनी गप्प राहील असा आकडाच नाही. लिस्पने त्यात आणखी एक सोय करून ठेवली आहे: (- ५) म्हणजे उणे ५, आणि कॉमन लिस्पमध्ये (/ ४) म्हणजे पाव. एकच आकडा दिला तर वजाबाकी डावीकडे गुपचूप ० धरते, भागाकार १ धरतो. म्हणजे (- १० ३) चे ७, त्यातले ३ काढून घेतले तर (- १०) चे चक्क उणे १०. बेरजेत एकेक आकडा कमी करत खाली उतरता येतं, इथे मधलीच पायरी उलट्या बाजूला जाते. अशा ठिकाणी (-) ला कुठलं उत्तर द्यायचं याबद्दल एकमत होणं कठीण, म्हणून कॉमन लिस्प, स्कीम आणि क्लोजर तिघंही निदान एक आकडा मागतात.

पण "चूक दाखवणं हेच एकमेव बरोबर" असंही समजू नका. इमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये (-) टाकून बघा, ० येतो. केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएल या भाषेत तर रिकाम्या यादीवर वजाबाकी पसरवली, म्हणजे यादीतल्या आकड्यांमध्ये ते चिन्ह घातलं, की ० आणि भागाकार पसरवला की १ मिळतो, आणि त्यामागे कारण आहे. एपीएल उजवीकडून डावीकडे हिशोब करते, १ २ ३ ची वजाबाकी म्हणजे १ – (२ – ३), उत्तर २. या पद्धतीत यादीच्या उजव्या टोकाला गप्प बसणारा आकडा मिळाला तरी पुरतं, आणि वजाबाकीसाठी तो ० आहेच. तेव्हा उत्तर भाषेवर अवलंबून आहे खरं, पण भाषा हिशोब कुठल्या दिशेने करते आणि काय जपते, त्यातून ते निघतं.

क्लोजरमध्ये याचा प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो तेही बघून घ्या, कारण तुम्ही तीच शिकताय. रिड्यूस म्हणजे दिलेलं फंक्शन यादीवर एकेक करून लावत शेवटी एकच उत्तर काढणारं फंक्शन. त्याला रिकामी यादी दिली आणि सुरुवातीची किंमत दिली नाही, तर तो दिलेलं फंक्शन काहीही न देता बोलावतो आणि जे येईल ते परत करतो. म्हणून रिकाम्या यादीवर बेरजेचा रिड्यूस ० देतो, वजाबाकीचा चूक देतो. (+) हे शोभेसाठी ठेवलेलं नाही, रिड्यूस त्याच दारातून आत जातो. पायथनचा किंवा जावास्क्रिप्टचा रिड्यूस एवढं शोधत बसत नाही; सुरुवातीची किंमत नसेल आणि यादी रिकामी असेल तर सरळ चूक. सी++ मधलं हेच काम करणारं अक्युम्युलेट त्याच्याही पुढे, सुरुवातीची किंमत घेतल्याशिवाय ते कामालाच लागत नाही. मला व्यक्तिशः सी++ ची ही कडक शिस्त आवडते. किंमत लिहायला लागली की माणूस क्षणभर थांबून विचार करतो. काम अनेक यंत्रांवर वाटलेलं असेल तर या किमतीशिवाय गत्यंतरच नसतं, कारण कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या वाट्याला रिकामा तुकडा येतोच.

हाच धागा धरून बाकीची मंडळी ओळखता येतात. मसावि घेणारं फंक्शन काहीही न देता बोलावलं तर ०, कारण प्रत्येक संख्येने ० ला भाग जातो, लसावि १. कॉमन लिस्प, स्कीम आणि ३.९ पासून पायथनही असंच करतात. कॉमन लिस्पमध्ये बिटांचा "आणि" रिकामा ठेवला तर उणे १ येतं, म्हणजे सगळे बिट १ असलेली संख्या. पहिल्यांदा बघताना हे अंगावर येतं, पण हिशोब तोच.

खरा घोळ होतो तो "सगळे" आणि "कुठलाही" यांच्यात. पायथनमध्ये रिकाम्या यादीवर ऑल खरं देतं आणि एनी खोटं. तर्काने ते निर्दोष आहे. पण "अर्जदाराची सगळी कागदपत्रं तपासलेली आहेत का" ही अट तुम्ही ऑलने लिहिलीत, तर ज्याने सातबारा, पासबुक, आधार यातलं काहीच जोडलेलं नाही तो अर्ज पहिल्या फटक्यात मंजूर होतो. इथे भाषेला दोष देऊन उपयोग नाही. "कागद आहेत आणि ते सगळे तपासलेले आहेत" अशी दोन वाक्यांची अट आपण एकाच वाक्यात लिहिलेली असते.

आता तुमच्या मॅक्सकडे येऊ. तोडजोडीचा नियम लावला तर रिकाम्या यादीच्या कमालचं उत्तर असं हवं, की त्याची कुठल्याही आकड्याशी तुलना केली तरी तो दुसरा आकडाच मोठा ठरेल. असा आकडा म्हणजे उणे अनंत. जावास्क्रिप्ट नेमकं तेच करते. तिथे काहीही न देता मॅक्स बोलावला तर उणे अनंत आणि मिन बोलावला तर अनंत मिळतं, म्हणजे कमाल किमानपेक्षा लहान. गंमत वाटते, पण गणित चुकलेलं नाही. आर भाषा उणे अनंत देते आणि सोबत इशाराही छापते. रुबी "काही नाही" म्हणते, जावाच्या स्ट्रीममध्ये "असेल किंवा नसेल" असा डबा हातात येतो, हॅस्केल आणि पायथन चूक दाखवतात, क्लोजरमध्ये रिकामा मॅक्स चालत नाही. पायथनच्या मॅक्सला ३.४ पासून डिफॉल्ट, म्हणजे यादी रिकामी असेल तर परत करायची किंमत, देता येतो, तेवढी पळवाट आहे. एक्सेल मात्र आकडेच नसलेल्या रकान्याचा मॅक्स ० सांगून मोकळं होतं. तुमच्या सिनिअरची आणि एक्सेलची मतं जुळतात.

सिनिअर अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हेही कबूल करायला हवं. पाऊस उणे पडत नाही. शून्य किंवा त्याहून मोठेच आकडे असतील तर कमालसाठी ० हाच अविकारक ठरतो, उणे अनंतापर्यंत जायची गरज नाही. तोडजोड केली तरी हिशोब बिघडत नाही. पण हीच सवय किमानला लावली की फजिती होते. मोंढा बंद असलेल्या दिवशी तुरीचा किमान भाव ० दाखवला, तर महिन्याच्या आलेखात दर सुट्टीला भाव कोसळलेला दिसतो. आणि महिन्याचा किमान काढला तर तोही ०. किमानसाठी गप्प बसणारा आकडा अनंत आहे, आणि अनंत रुपये भाव छापायची हिंमत कोणी करत नाही, म्हणून तिथे "नोंद नाही" म्हणावंच लागतं.

म्हणजे आतापर्यंतचा हिशोब एवढा: ज्या क्रियेत तोडजोड चालते आणि गप्प बसणारा आकडा सापडतो, तिथे रिकाम्याचं उत्तर तोच आकडा. जिथे तो सापडत नाही तिथे भाषा चूक देते, "काही नाही" देते, किंवा आपल्याकडे किंमत मागते. पण बेरीज जुळण्यासाठी लागणारा आकडा आणि माणसाला दाखवायचा आकडा एकच असेल, अशी हमी यातलं काहीच देत नाही.

पावसात हा फरक पैशांपर्यंत जातो. आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळ अतिवृष्टीत धरतात, आणि दुसऱ्या टोकाला पावसाचा खंड किती दिवसांचा तेही मोजतात. पर्जन्यमापक बिघडला, आकडा पोचलाच नाही, आणि प्रोग्रामने ० धरलं, तर तीन गोष्टी एकदम घडतात. अतिवृष्टी झालेली असू शकते, ती दिसत नाही. चार दिवसांचा खंड आठ दिवसांचा होतो. आणि सरासरी खाली येते. परभणी किंवा हिंगोलीच्या एखाद्या मंडळात ज्याची जमीन खरडून गेली, त्याला "पाऊस ०" हा अहवाल दाखवून बघा, तो काय बोलेल ते मी इथे लिहू शकत नाही.

डेटाबेसवाल्यांनी याचा विचार आपल्या आधी केलाय, पण तोही सरळसोट नाही. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत एकही ओळ सापडली नाही तर काउंट ० देतो आणि सम मात्र नल, म्हणजे "किंमत माहीत नाही". मग कोणी "जमा वजा खर्च" लिहिलं आणि खर्चाच्या ओळीच नसल्या, की सगळी शिल्लकच नल होते, कारण नल ज्या हिशोबात शिरतो तो हिशोब गिळून टाकतो. म्हणून लोक कोअॅलेस, म्हणजे नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन, लावून ० करून घेतात. एसक्यूलाइट या डेटाबेसने तर याचसाठी टोटल नावाचं वेगळं फंक्शन ठेवलंय, ते रिकाम्याला ०.० देतं. आणखी एक खाच आहे, नवीन माणूस हमखास तिच्यात अडकतो: ओळींचे गट पाडणारं ग्रुप बाय लावला नसेल तर नल असलेली एक ओळ तरी येते, मंडळानुसार ग्रुप बाय लावला की नोंद नसलेलं मंडळ यादीतूनच गायब होतं. चूकही नाही, शून्यही नाही, नावच नाही. मंडळांच्या मूळ यादीला लेफ्ट जॉइन करून नोंदी जोडल्या तरच ते दिसतं. तुमचा अहवाल निदान अडला तरी, हे नशीब समजा.

जाणकारांमध्येही यावर एकमत लगेच होत नाही. पायथनच्या पांडाज लायब्ररीने २०१७ मध्ये ०.२१ आवृत्तीत रिकाम्या बेरजेचं उत्तर "आकडा नाही" असं केलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ०.२२ मध्ये परत ० केलं. सोबत एक पर्याय दिला, किमान किती नोंदी असल्या तरच बेरीज सांगायची हा आकडा देण्याचा. तो १ ठेवला की रिकाम्याची बेरीज "आकडा नाही" येते. मला ही तडजोड पटते, कारण निर्णय हिशोब करणाऱ्याच्या हातात राहतो.

सरासरीचं वेगळं सांगायची गरज नसावी, पण एक ओळ लिहितो. शून्याला शून्याने भागायचं, त्यामुळे सरासरीला रिकाम्याचं उत्तरच नाही, आणि सरासऱ्यांची सरासरी काढली तर तीही चुकते. त्यापेक्षा बेरीज आणि नोंदींची संख्या ही जोडी बरोबर घेऊन चला. दोन्हींना अविकारक ० आहे, तालुक्याचा तुकडा जिल्ह्याला बिनधास्त जोडता येतो, आणि भागाकार अगदी शेवटी, संख्या ० नाही हे बघून करायचा.

तर तुमच्या अहवालात मी असं केलं असतं. मॅक्सला डिफॉल्ट म्हणून ० न देता नन दिलं असतं, म्हणजे पायथनची "काही नाही" ही किंमत, आणि छापताना तिथे "नोंद नाही" लिहिलं असतं. महिन्याची बेरीज ० आली तरी ठेवली असती, कारण जिल्ह्याच्या बेरजेत ती लागते, पण शेजारी एक रकाना वाढवला असता: महिन्याच्या ३१ पैकी किती दिवसांच्या नोंदी आल्या. बेरीज ० आणि नोंदी ३१ असतील तर मंडळ खरोखर कोरडं गेलं. बेरीज ० आणि नोंदीही ० असतील तर तहसीलला फोन लावायचा. खंड मोजणाऱ्या भागात नन आला की मोजणी थांबवून तो दिवस वेगळा दाखवायचा, पुढे ढकलायचा नाही.

सिनिअरशी वाद घालू नका. रकाना वाढवून अहवाल समोर ठेवा, ते स्वतःच विचारतील की या मंडळाचे दिवस ० का दिसतायत. आणि क्लोजरवर परत जाल तेव्हा (max) टाकून बघा, त्यातही चूक येईल. मग रिड्यूसला मॅक्ससोबत सुरुवातीची किंमत म्हणून उणे अनंत द्या आणि रिकाम्या यादीवर चालवा. काय येतं ते कळवा, आणि ते अहवालात छापायचं का नाही, तेही तुम्हीच ठरवून लिहा.